पहिली सायकल शर्यत आणि धंद्यातली फट: साठ किलोमीटरचा हिशोब



नवीन धंदा सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "सर, समोरच्याकडे भांडवल जास्त, अनुभव जास्त, ओळखी जास्त. मी त्याच्यापुढे टिकणार कसा?"

बीबीए करताना या प्रश्नाची उत्तरं मी पुस्तकात वाचली होती. पण ती अंगात मुरली एका सायकल शर्यतीत. व्हिडिओत यावर मी चार-पाच मिनिटं बोललो. इथे सविस्तर लिहितोय, कारण यात आकडे आहेत आणि आकडे लिहून समोर ठेवलेले बरे असतात.

आधीच सांगतो, मी काही खेळाडू नाही. नाशिकमध्ये माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वायर, स्विच, एमसीबी, पंखे, एलईडी. दिवसाचे दहा-अकरा तास काउंटरमागे उभं राहायचं. शटर साडेनऊला उघडतं, म्हणून सायकल पहाटे सव्वापाच ते साडेसात. एवढाच वेळ माझा स्वतःचा.

आमच्या गावाला सायकलचं वेड आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांची टीम करून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, साधारण 4,800 किलोमीटर. 2017 मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. सगळे आपापलं काम सांभाळून सायकल चालवणारे. अशा शहरात राहून दुकानदाराला एखादी शर्यत करावीशी वाटली तर नवल नाही. माझी आपली छोटी, जानेवारीतली, दिंडोरीच्या बाजूची 60 किलोमीटरची हौशी शर्यत होती. 30 जायचे, 30 यायचे.

रोड रेस म्हणजे एकट्याचं काम नाही

सायकल शर्यत म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एक माणूस, मान खाली, जीव खाऊन पॅडल मारतोय. असा एक प्रकार आहे, त्याला टाइम ट्रायल म्हणतात. त्यात प्रत्येकाला एकेक करून सोडतात आणि घड्याळाशी शर्यत असते. रोड रेस वेगळी. तिथे सगळे एकदम सुटतात आणि घोळक्याने जातात. आमच्या गटात 71 जण होते.

घोळक्यात जायचं कारण एकच, वारा. सपाट रस्त्यावर ताशी 35 च्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात जाते. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून राहिलात तर हेच काम साधारण पाव ते एक तृतीयांश कमी ताकदीत होतं. सायकलवाल्यांच्या भाषेत याला ड्राफ्टिंग म्हणतात. पुढचा वारा खातो, मागचा वाचवतो. मग मागचा पुढे येतो आणि त्याची पाळी सुरू होते.

आता एक आकडा लक्षात ठेवा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गणित सोपं आहे. वेग दहा टक्के वाढवायचा, तर 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1, म्हणजे 1.33. वेगात दहा टक्के वाढ, पण हवेसाठी लागणाऱ्या ताकदीत तेहतीस टक्के!

हाच तेहतीसचा आकडा दुकानात कुठे भेटतो सांगू? समजा शंभर रुपयांच्या विक्रीत तुम्हाला वीस रुपये सुटतात. गिऱ्हाईक खेचायला तुम्ही पाच टक्के सूट दिली. आता सुटतात पंधरा. आधीइतकाच नफा हातात यायला किती माल विकावा लागेल? वीस भागिले पंधरा, म्हणजे 1.33. तेहतीस टक्के जास्त माल. तेवढी जास्त ने-आण, तेवढा जास्त स्टॉक, तेवढी जास्त गिऱ्हाइकं. बोर्डावर लिहिताना "फक्त 5 टक्के सूट" किती लहान वाटतं!

दोन्हीकडे सारखंच आहे. थोडं जास्त मिळवायचा खर्च थोडाच असतो असं आपल्याला वाटतं. तो तसा नसतो. म्हणून जोर कुठे लावायचा, हे जोर किती आहे यापेक्षा महत्त्वाचं.

एक मीटरची फट

शर्यतीआधी दोन महिने मी रविवारी एका जुन्या ग्रुपबरोबर जायला लागलो. रविवारी सकाळी वडील गल्ल्यावर बसायचे. त्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे एक काका होते. त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला, आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी घालायचं नाही. तो जरा सरकला की चाकाला चाक लागतं आणि पडतो तो मागचा. दुसरा नियम, "फट पडू देऊ नको. एक मीटरची फट दोन पॅडलात भरते. वीस मीटरची भरत नाही."

याचा अर्थ शर्यतीत बाराव्या किलोमीटरला दिसला. घोळका एका गावातून जात होता. पुढून ओरडा आला, "स्पीडब्रेकर!" सगळ्यांनी वेग कमी केला आणि पलीकडे गेल्यावर परत वाढवला. पुढचे आधी सुटतात, शेवटचे शेवटी. घोळका रबरासारखा ताणला जातो. माझ्या समोरच्या माणसाचं आणि त्याच्या पुढच्याचं अंतर तीन मीटर झालं, मग पाच. तो दमलेला नव्हता. त्याने बाटली काढली होती, पाणी पीत होता. मी बाजूने पुढे गेलो आणि आठ-दहा सेकंद जोर लावून पुढचं चाक पकडलं. मागे वळून बघितलं तेव्हा त्याच्यामागे आणखी सहा-सात जण होते आणि मधली फट पन्नास मीटरच्या वर गेलेली. ते सातही जण पुढे घोळक्यात परत आले नाहीत. सातही जण माझ्याइतकेच तंदुरुस्त होते. सुटले ते एका घोटाभर पाण्याच्या वेळात.

कारण साधं आहे. चाकामागे असताना तुम्हाला कमी ताकद लागते. फट पडली की त्याच वेगाला पूर्ण ताकद लागते, आणि फट भरायला त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही मागे पडता तेव्हाच खर्च वाढतो.

आता उधारी आठवा. एखाद्या कॉन्ट्रॅक्टरकडे आठ हजार अडकलेत, पंधरा दिवस झालेत. एका फोनचं काम आहे. तुम्ही म्हणता, "चांगला माणूस आहे, देईल." तो माल उचलत राहतो. चार महिन्यांनी तेच ऐंशी हजार होतात. आता फोन करायला तुम्हालाच संकोच वाटतो, आणि त्याला द्यायची इच्छा असली तरी एकदम झेपत नाही. तिकडे डिस्ट्रिब्युटरचा चेक तर तारखेलाच लागणार. आठ हजारांची फट दोन पॅडलात भरली असती.

आमच्या दुकानात शनिवारी दुपारी तीन ते चार फक्त वसुलीचे फोन होतात. रक्कम लहान असली तरी. खरं तर लहान असते म्हणूनच.

भूक लागायच्या आधी खा

शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोरात सायकल चालवली तर साधारण दीड ते दोन तास पुरते. ती संपली की पाय एकदम थांबतात. हळूहळू नाही, एकदम. डोकं हलकं होतं, हात थरथरतात, चढ नसतानाही सायकल पुढे जात नाही. सायकलवाले याला बाँक म्हणतात. त्यानंतर केळं खाल्लं तरी ते अंगी लागायला वेळ जातो, आणि घोळका तेवढा वेळ थांबत नाही.

म्हणून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला सुरुवात करायची, भूक नसली तरी. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हा रूढ हिशोब. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात दोन केळी, चार खजूर आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे होते, वेष्टण आधीच काढून ठेवलेले. घोळक्यात ताशी 35 ला दातांनी पाकीट फोडत बसायला सवड नसते. पहिलं केळं पंचविसाव्या मिनिटाला खाल्लं. शेजारचा हसला, "एवढ्यात नाश्ता?"

धंद्यातली भूक म्हणजे खात्यातला पैसा संपणं. बँकेकडे सीसी लिमिट मागायला आपण कधी जातो? खातं रिकामं झाल्यावर. तेव्हा स्टेटमेंट बघून मॅनेजर कसं मान डोलावेल? खातं व्यवस्थित चालू असतं, रिटर्न वेळेवर भरलेले असतात, तेव्हाच लिमिट करून ठेवायचं. वापरलं नाही तरी चालेल. खिशात केळं असावं.

चढावर घेतलेला निर्णय

सत्ताविसाव्या किलोमीटरला तीन किलोमीटरचा चढ सुरू झाला. चढावर वेग कमी होतो, त्यामुळे ड्राफ्टिंगचा फायदाही कमी होतो. तिथे हिशोब तुमचं वजन आणि तुमच्या पायांतली ताकद यांचा. दोन्हीत पुढचे वीस जण माझ्यापेक्षा सरळ सरळ सरस होते. पहिल्याच वळणावर ते उठून निघाले.

इथे दोन रस्ते होते. जीव तोडून त्यांना धरायचं, किंवा त्यांना जाऊ द्यायचं आणि मला तीन किलोमीटर झेपेल त्या लयीत चढायचं. मागच्या परिच्छेदांत मी म्हणालो, फट पडू देऊ नका. मग इथे? काकांचा नियम सपाटीचा आहे. सपाटीवर फट लक्ष नसल्यामुळे पडते. चढावर ती ताकदीच्या फरकामुळे पडते. पहिली भरायचीच. दुसरी मात्र मान्य करून आपली लय धरायची. कारण माथ्यावर शर्यत संपत नव्हती. तिथून वळून परत 30 किलोमीटर होते, आणि येताना वारा समोरून असणार होता.

मी जाऊ दिलं. गिअर हलका केला, श्वास एका लयीत ठेवला. माझ्यासोबतचा कॉलेजचा एक मुलगा माझ्याहून तगडा होता. तो त्या वीस जणांच्या मागे सुटला.

त्या महिन्यात दुकानातही असाच चढ समोर होता, म्हणून हे मला इतकं लक्षात राहिलं. आमच्यापासून चारशे मीटरवर एक मोठी शोरूम उघडली होती. माझ्या खरेदीच्या भावात ते पंखे विकत होते. एक डिस्ट्रिब्युटर मला म्हणत होता, "साठ दिवसांच्या उधारीवर मोठा लॉट घ्या, तुम्हीही तोच भाव लावा." घरात दोन मतं होती. वडिलांचं म्हणणं, गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही. बायकोचं म्हणणं, साठ दिवसांत पंखे गेले नाहीत तर ईएमआय कुठून भरायचा? दोघांचंही खरं होतं.

शर्यतीनंतरच्या आठवड्यात मी डिस्ट्रिब्युटरला नाही म्हणालो. पंखे हा त्यांचा चढ होता. आमची सपाटी म्हणजे वायरमन. त्याला सकाळी आठला फोन केला तरी माल मिळायला हवा, एक एमसीबी सुटी मिळायला हवी, खराब निघालेला तुकडा विनाकटकट बदलून मिळायला हवा. हे शोरूमला जमत नाही. त्या उन्हाळ्यात आमची पंख्यांची विक्री निम्म्यावर आली. ते दुखलं, खोटं कशाला सांगू? पण वायर आणि स्विचची विक्री हलली नाही, आणि डोक्यावर लॉटची उधारी नव्हती. दुकान आजही चालू आहे.

मुंबई-पुणे सायकल शर्यत तुम्हाला ऐकून माहीत असेल. तिच्यात बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' असा वेगळा किताब मिळतो. म्हणजे एकाच शर्यतीत घाट जिंकणं आणि शर्यत जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही कुठल्या बक्षिसासाठी उतरलाय, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

स्पर्धकांबरोबर पाळी लावणं

माथ्यावरून वळलो तेव्हा आजूबाजूला आम्ही पाच जण होतो. एक डॉक्टर, दोन आयटीवाले, एक कोंबडीखाद्याचा डीलर आणि मी. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. उतार संपला, समोरून वारा लागला आणि डॉक्टर म्हणाले, "एक-एक मिनिट?" सगळ्यांनी मान हलवली.

प्रत्येकाने एक मिनिट पुढे राहून वारा खायचा, मग बाजूला होऊन शेवटी जायचं. पाचात एक मिनिट कष्ट आणि चार मिनिटं त्या मानाने आराम. खड्डा आला की पुढच्याने हात दाखवायचा, मागच्यांनी ओरडून पुढे कळवायचं. असे आम्ही पंधरा-सोळा किलोमीटर गेलो तेव्हा समोर एकटा सायकलवाला दिसला. चढावर पुढे गेलेला तो कॉलेजचा मुलगा. पुढच्यांना तो धरू शकला नव्हता आणि मागे कोणी नव्हतं. एवढा वेळ एकट्याने वारा खात होता. आम्ही जवळून गेलो तेव्हा डॉक्टरांनी हाक मारली, "ये मागे." तो शेवटी लागला, दहा मिनिटं नुसता बसून राहिला. कोणी बोललं नाही. मग त्यानेही आपली पाळी घेतली, आणि त्याची पाळी आली की आमचा वेग वाढायचा.

शेवटच्या पाचशे मीटरला मात्र प्रत्येक जण आपापला. तो मुलगा आम्हा सगळ्यांना मागे टाकून गेला. डीलर माझ्या अर्धं चाक पुढे होता. रेषा ओलांडल्यावर सगळ्यांनी हात मिळवले.

स्पर्धक आहे म्हणून बोलायचंच नाही, हे आपल्या बाजारात फार आहे. आमच्या भागातली तीन इलेक्ट्रिकल दुकानं आता वायरची ऑर्डर एकत्र देतात. एकट्याला जी स्कीम लागू होत नाही ती तिघांना मिळून होते. ऑर्डर द्यायची पाळी महिन्याला बदलते, पैसे ज्याचे त्याने त्याच दिवशी द्यायचे. आणि गिऱ्हाईक काउंटरवर आलं की तिघेही एकमेकांचे स्पर्धकच. पाळी चुकवणारा मात्र गटात टिकत नाही. रस्त्यावरही नाही, बाजारातही नाही.

38 वा नंबर

माझी वेळ 1 तास 54 मिनिटं. नंबर 38. पहिला आलेला माझ्या 16 मिनिटं आधी पोचला होता. नऊ जणांनी शर्यत सोडली होती. मी ठरवलेलं लक्ष्य दोन तासांच्या आत, न पडता, पूर्ण करायचं एवढंच होतं. ते झालं.

सायकलच्या दुनियेतली सगळ्यात मोठी शर्यत, टूर द फ्रान्स, मुळात एका धंद्याच्या गरजेतून जन्मली. पॅरिसमध्ये 'लोतो' नावाचा क्रीडा पेपर 'ल व्हेलो' या स्पर्धक पेपरपुढे मागे पडत होता. खप वाढवायला त्यांनी 1903 मध्ये देशभर फिरणारी सायकल शर्यत काढली. सहा टप्पे, 2,428 किलोमीटर. 60 जण निघाले, 21 जण पोचले. जिंकला मॉरिस गारँ, जो लहानपणी चिमण्या साफ करायचा. 'लोतो'चा खप वाढला आणि पुढच्याच वर्षी 'ल व्हेलो' बंद पडला. आज विजेत्याचा पिवळा जर्सी सगळ्यांना माहीत आहे. त्याचा रंग 'लोतो'च्या पिवळ्या कागदाशी जुळतो.

त्याच शर्यतीत शेवटी येणाऱ्यालाही एक नाव आहे, 'लाल कंदील'. रेल्वेच्या शेवटच्या डब्यामागे लाल दिवा असतो ना, त्यावरून. लक्षात घ्या, तो शेवटचा असला तरी त्याने शर्यत पूर्ण केलेली असते. वाटेत सोडून गेलेल्यांचं नाव त्या यादीत नसतं. पहिल्या वर्षी नवीन दुकानाला मी हेच सांगतो. नंबर नंतर बघू. आधी यादीत राहा.

या आठवड्याचं काम

वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

एक, तुमच्या धंद्यात आत्ता एक मीटरच्या फटी कुठल्या आहेत? दहा हजारांच्या आतली उधारी, दोन दिवस लांबलेली डिलिव्हरी, उत्तर न दिलेला गिऱ्हाइकाचा फोन. शनिवारपर्यंत त्यातल्या तीन भरा.

दोन, तुम्ही देत असलेल्या प्रत्येक सुटीसमोर लिहा की तेवढाच नफा मिळवायला किती टक्के जास्त माल विकावा लागतो. सुटीआधीचा नफा भागिले सुटीनंतरचा नफा. झालं.

तीन, समोरचा ज्या चढावर पुढे जातोय, तो तुमचा चढ आहे का? नसेल तर तुमची सपाटी कुठली, एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येईपर्यंत नवीन लॉट उचलू नका.

आणि हो, यंदा कोणी पहिल्यांदा शर्यतीत उतरणार असेल, तर हेल्मेटशिवाय सरावालाही जाऊ नका. व्यावसायिक शर्यतींमध्ये ते सक्तीचं झालं 2003 मध्ये, एका चांगल्या रायडरचा जीव गेल्यावर. आपण तेवढी वाट बघायला नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करत राहा!